नाल्यातली पाच कुत्री

मे महिन्यातली दुपार, अडीच वाजलेले. नागपुरात वाडीच्या अंगाला श्वान उद्यानासाठी मिळालेल्या जागेवर मी नकाशाची गुंडाळी घेऊन उभी होते. नकाशात सगळं ठरलेलं: मधोमध सपाट हिरवळ, भोवती काँक्रीटचा ट्रॅक, आणि जागेतून जाणारा पावसाळी नाला पाइपात घालून वर माती. दुसऱ्या दिवशी आखणी होती.

शेजारच्या रस्त्यावर तळहाताची पालथी बाजू टेकवून पाहिली. सात सेकंद टिकली तर कुत्र्याला तिथे चालवावं, असा साधा ठोकताळा आहे. मला तीनसुद्धा मोजता आले नाहीत. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडा पंजांच्या गाद्यांना येतो, बाकी सारी मदार धापेवर. आणि त्याच पंजांखाली मी काँक्रीट घालणार होते.

"म्याडम, उन्हात काहून उभ्या आहा? कुत्रे पाहाचे असतीन तर नाल्यात पाहा," चौकीदार काका म्हणाले.

खाली उतरले. करंजाच्या सावलीत, कोरड्या पात्रात पाच गावठी कुत्री पोट टेकवून पसरली होती. वरची तापलेली वाळू उकरून प्रत्येकाने आपल्यापुरता खड्डा केलेला. एका रिकाम्या खड्ड्यात मी हात घातला. तळाशी ओल होती.

बराच वेळ तिथेच बसून राहिले. करंज, अर्जुन, कडुनिंब, जागेवरची सगळी मोठी झाडं त्या पाण्याच्या वाटेनेच उभी होती, आणि पाइपासाठी चर खणला की पहिला घाव त्यांच्या मुळांवर बसणार होता. शिवाय २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून घराघरांत पाणी शिरलेलं मी याच शहरात पाहिलंय. तरी मी नाला कोंडायला निघाले, याचं फार वाईट वाटलं.

रात्री साहेबांना फोन करून चार दिवस मागून घेतले. पण त्याआधी, ऊन उतरल्यावर, काकांसोबत सगळी जागा पायी पालथी घातली. वरचं टेकाड मुरुमाचं, पाणी न धरणारं. धावायचं मैदान तिथे. खालची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात रोवलेले कुंपणाचे खांब कलतात. म्हणून कुंपण आणि एकापाठोपाठ उघडणारी दोन दारं मुरुमावर घेतली. काळ्या मातीत फक्त झाडं. नाला उघडाच, काठाला दगडी पिचिंग म्हणजे रचलेल्या दगडांचं अस्तर, तळाला उतार असा की डबकं साचू नये. साचल्या पाण्यातून कुत्र्यांना लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूंच्या आजाराचा, धोका असतो. नकाशातली कण्हेर खोडली, ती विषारी. कुसळी गवत बी धरण्याआधी कापायचं, हे मात्र मी ठळक लिहिलं: त्याचं कुसळ पंजात किंवा कानात शिरलं की मागे येत नाही, आत आत सरकत जातं.

पाचव्या दिवशी सकाळी फक्कीची पहिली रेघ ओढली, ती नाल्याचा काठ आणि करंजांची सावली सोडून. काका बादली घेऊन खाली उतरत होते. कुत्र्यांना पाणी द्यायची त्यांची ती वेळ.