भुरी गुरगुरते तेव्हा आधी तिचं अंग तपासा

रेस्क्यू कुत्रा घरी आणला आणि तो गुरगुरतो असं कुणाला सांगितलं की पहिला सल्ला येतो, चांगला ट्रेनर बघ. दुसरा, त्याला दाखवून दे घरात बॉस कोण आहे ते. भुरीच्या बाबतीत हे दोन्ही सल्ले इतक्या जणांनी दिले की म्हटलं आता सविस्तर लिहूनच काढू, कारण आमच्याकडे जो फरक पडला तो ट्रेनरपासून सुरू झालाच नाही, तो सुरू झाला एक्स-रेपासून.

भुरी शेल्टरमधून आली. वय अंदाजे पाच, तेही डॉक्टरांनी दात बघून सांगितलेलं. आधी कुणाकडे होती, कशी सुटली, काहीच माहिती नाही. तिच्या कागदावर वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं अग्रेसिव्ह. म्हणजे खाताना जवळ गेलं की गुरगुर, झोपलेली असताना कुणी बाजूने गेलं की दचकून उठून अंगावर धावणार, कानाला हात लावू द्यायची नाही आणि कंबरेला चुकून जरी हात लागला तर सरळ दात. आणि त्याच कागदावर खाली बारीक अक्षरात होतं की टिक फीवर होऊन गेलाय. मला ती खालची ओळ जास्त महत्त्वाची वाटली.

टिक फीवर म्हणजे गोचीड चावल्यामुळे होणारे आजार, त्यात एर्लिकिया नावाच्या जंतूमुळे होणारा सगळ्यात जास्त ऐकू येतो. ताप, खाणं सुटणं, हिरड्या पांढरट पडणं, कधी नाकातून रक्त, आणि प्लेटलेट्स धडाधड खाली. निरोगी कुत्र्याच्या प्लेटलेट्स साधारण दोन ते पाच लाख असतात, भुरीच्या घरी आल्या आल्या केलेल्या टेस्टमध्ये एक लाखाच्याही खाली होत्या, म्हणजे "होऊन गेलाय" हे काही खरं नव्हतं. हा जंतू नीट उपचार झाले नाहीत तर अंगात दडून राहतो आणि महिन्यांनी, कधीकधी वर्षांनीही परत डोकं वर काढतो. शिवाय त्यात सांधेही दुखू शकतात, हे फारसं कुणी सांगत नाही. डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स साधारण २८ दिवसांचा असतो आणि कुत्रं चार दिवसांत टुणटुणीत दिसायला लागलं तरी मध्येच थांबवायचा नाही. गोळी कोरडी घशात टाकून सोडून देऊ नका, ती अन्ननलिकेत अडकली तर आत जखम करते, खाण्यासोबत द्या किंवा मागोमाग थोडं पाणी जाऊ द्या. अजून एक, माणसाला १०१ म्हणजे ताप, पण कुत्र्याचं नॉर्मलच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे अंग गरम लागतंय म्हणून घाबरू नका, थर्मामीटर लावा. आणि काहीही झालं तरी घरातल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, कुत्र्याचा जीव जाऊ शकतो त्याने.

तर कोर्स संपला, प्लेटलेट्स वर आल्या, भुरी खायला लागली, पण कंबरेला हात लावला की दात हे तसंच. मग मी तिचे व्हिडिओ काढायला लागले. बसताना ती डावा पाय बाजूला टाकून बसायची. पायरीसमोर आली की क्षणभर थांबायची आणि मग दोन्ही मागचे पाय एकत्र उचलून सशासारखी उडी मारायची. डावी मांडी उजवीपेक्षा बारीक होती, केसांमुळे दिसत नव्हती पण आंघोळीनंतर अंग ओलं असताना स्पष्ट दिसली. व्हिडिओ बघून डॉक्टर म्हणाल्या, हिला थोडी भूल देऊन एक्स-रे काढू, शुद्धीवर असताना ही पाय ताणू देणार नाही आणि आपण तिला उगीच दुखवू. एक्स-रेमध्ये डाव्या खुब्याचं जुनं फ्रॅक्चर निघालं, वेडंवाकडं जुळलेलं, आणि भोवती संधिवात. म्हणजे इतके दिवस ही पोरगी मोडक्या खुब्यावर चालत होती आणि सगळे तिला चिडकी म्हणत होते. कुत्री दुखतंय म्हणून रडत बसत नाहीत हो. ती हळू उठतात, एकच जागा चाटत राहतात, नाहीतर कुणी जवळ आलं की आधीच गुरगुरून लांब ठेवतात.

हे माझं एकटीचं मत नाही. इंग्लंडमधल्या लिंकन युनिव्हर्सिटीचे प्राण्यांच्या वागणुकीचे तज्ज्ञ डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये यावर पेपर लिहिला, वागणुकीच्या तक्रारीसाठी त्यांच्याकडे पाठवलेल्या केसेसपैकी अगदी कमीत कमी धरलं तरी एक तृतीयांशात कुठलं ना कुठलं दुखणं होतं, आणि काही ठिकाणी हा आकडा ८० टक्क्यांपर्यंत जातो असं त्यांनी मांडलंय. त्यांचं म्हणणं असं की शंका असेल तर आधी दुखण्याचा उपचार करून बघा, वागणूक सुधारते की नाही त्याची वाट बघत बसून दुखणं मागे ठेवू नका. आमच्या डॉक्टरांनी तेच केलं, किडनी लिव्हरच्या टेस्ट करून काही आठवडे दुखण्याचं औषध चालू केलं आणि मला रोज लिहून ठेवायला सांगितलं, कधी गुरगुरली, कोण जवळ होतं, त्याआधी ती किती चालली होती. वही भरत गेली तसं दिसायला लागलं की जास्त चाललेल्या दिवसाची संध्याकाळ वाईट. औषध लागू पडल्यावर ती पहिल्यांदा कुशीवर पडून पाय सोडून झोपली. आता बाजूने कुणी गेलं तर एक डोळा उघडून बघते आणि परत झोपते.

बॉस वगैरे गोष्टींबद्दल एवढंच सांगते, ही कल्पना १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी पिंजऱ्यातल्या लांडग्यांवर केलेल्या निरीक्षणातून आली, आणि ती पुढे लोकांपर्यंत नेणाऱ्यांपैकी एक, लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक, यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे मुळात आईबाप आणि त्यांची पिल्लं, बॉस होण्यासाठी भांडणारी टोळी नव्हे. बॉस कोण ते दाखवायला दुखऱ्या कुत्र्याला उताणं पाडून धरून ठेवणं ही क्रूरता आहे, मला दुसरा शब्द सापडत नाही. आणि गुरगुरलं म्हणून ओरडू तर अजिबात नका. ओरडून गुरगुर बंद होते, भीती बंद होत नाही, मग पुढच्या वेळी सूचना न देता थेट चावा. गुरगुरण्याच्याही आधी ती किती काय काय सांगते बघा, ओठ चाटते, झोप नसताना जांभई देते, मान फिरवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवते, एकदम ताठ होते. ताठ झाली की आम्ही थांबतो.

पण औषधाने सगळं झालं असंही नाही, कारण जिथे दुखायचं तिथे भीती बसलेली असते, दुखणं गेल्यावरही ती राहते. कानाचं सगळ्यात अवघड गेलं. दोन्ही कानात जुनं यीस्ट इन्फेक्शन, वास यायचा, आणि ड्रॉप्स तर रोज घालायचे. आधीच्या अनुभवाने बाटली दिसली की टेबलाखाली. सुरुवातीला डॉक्टरांनी क्लिनिकमध्ये भूल देऊन कान साफ केले आणि बरेच दिवस टिकणारं औषध आत घातलं, त्यामुळे आम्हाला शिकवायला वेळ मिळाला. मांडीवर घडी केलेला टॉवेल ठेवायचा, तिने हनुवटी टेकवली की उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा. एवढंच, कितीतरी दिवस. मग हनुवटी टेकलेली असताना माझा हात कानाच्या दिशेने थोडा सरकणार, तुकडा. मग हात कानाला लागणार, तुकडा. मग कान उचलणार, मग रिकामी बाटली नुसती दिसणार. यात एक नियम मी कधीच मोडला नाही, तिने हनुवटी उचलली की माझा हात त्याच क्षणी मागे. थेंब अर्ध्यावर असला तरी मागे. तिला कळलं की थांबवणं तिच्या हातात आहे, आणि हे कळल्यावर ती जास्त वेळ थांबायला लागली. आता मी टॉवेल काढला की स्वतः येऊन हनुवटी ठेवते, ड्रॉप्स गेल्यावर डोकं झाडून माझा सगळा ड्रेस तेलकट करते.

खाण्याच्या भांड्याचं तुलनेने लवकर जमलं. भांडं ओढून घेऊन "सवय लावणं" आम्ही केलंच नाही, लांबून जाताना भांड्याच्या दिशेने काहीतरी चांगलं टाकायचं आणि पुढे निघून जायचं. माणूस जवळ येतो तो द्यायला येतो, घ्यायला नाही, हे तिच्या डोक्यात बसलं. तरी पाहुण्यांची मुलं आली की ती बंद खोलीत शांतपणे जेवते, तिथे मी कुणाचंही ऐकत नाही.

एकटं राहण्याची भीती मात्र अजून आहे. दाराशी ओरखडे, लाळेचं थारोळं. त्यासाठी फ्लुऑक्सेटीन, म्हणजे चिंता कमी करणारं औषध, चालू आहे. काही जण म्हणतात कुत्र्याला कसली मानसिक औषधं देतेस, पण अमेरिकेत २००७ मध्येच कुत्र्यांच्या याच त्रासासाठी त्याला मान्यता मिळाली आहे, आणि ते गुंगीचं औषध नाही, परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, सोबत ट्रेनिंग लागतंच. तिला एकटी ठेवून दाराबाहेर थांबण्यात आम्ही अजून काही मिनिटांवरच आहोत. बाकी वेळ घरात कुणीतरी थांबतं, आमची कामं तशी वाटून घेतली आहेत.

पुढच्या महिन्यात दातांची सफाई आहे, पूर्ण भूल देऊन, त्याआधी परत प्लेटलेट्स बघायच्या. चावू नये म्हणून तोंडावर घालायच्या जाळीच्या मझलची सवय आत्तापासून करतोय, आत जीभ बाहेर काढून धापा टाकता येतील एवढी जागा असलेलं, कापडी घट्ट पट्टी नाही. तुमच्याकडे असं कुत्रं असेल तर उद्या सकाळी ते उठतानाचा, बसतानाचा आणि पायरी चढतानाचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, क्लिनिकमध्ये भीतीने बरीच कुत्री ताठ चालतात, तिथे लंगडणं अनेकदा दिसत नाही.