शून्याच्या हट्टापायी

पहिला अ‍ॅप्टेशिया दिसला तेव्हा मी कौतुकाने त्याचा फोटो काढला होता. जेमतेम दीड सेंटिमीटरचा समुद्री जीव, काचेसारखा आरपार, तपकिरी झाक असलेला, इवल्याशा ताडाच्या झाडासारखा. रीफ टँक, म्हणजे घरातला खाऱ्या पाण्याचा, कोरलांचा मत्स्यटँक, लावून चार महिने झाले होते. एका नव्या कोरलच्या बुंध्याला चिकटून तो आला होता आणि फुकटात एक समुद्रफूल मिळालं म्हणून मी खुशीत होतो. तीन आठवड्यांत एकाचे सात झाले. त्यांच्या डंखांमुळे शेजारच्या झोआंथसनी, म्हणजे फुलांसारख्या दिसणाऱ्या कोरलांनी, तोंडं मिटून घेतली, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

मग मी चिमटा घेतला. अ‍ॅप्टेशियाच्या बाबतीत याहून मोठा मूर्खपणा नाही. हात जवळ जाताच तो खडकाच्या भोकात आक्रसून बसतो, आणि ओढून काढलाच तर बुडख्याचा जो कण मागे राहतो त्यातून नवा उगवतो. रक्तबीजच तो. सातचे महिनाभरात तीसेक झाले. नंतर कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्ट लापशी करून, पंप बंद ठेवून, सिरिंजने एकेकाच्या तोंडावर सोडायला शिकलो. ते चाललं; पण एका वेळी चार-पाचच, कारण जास्त वापरलं की पाण्याचा पीएच उसळतो. खडकाच्या मागच्या बाजूला सिरिंज पोचतच नव्हती, आणि वंश तिथेच वाढत होता.

एक सल्ला असाही मिळाला की सरळ खडक काढून उकळ. त्या खडकावर झोआंथस होते. झोआंथस आणि त्यांच्या भाऊबंदांमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं, आणि उकळताना ते वाफेबरोबर हवेत येऊन घरातल्या माणसांना दवाखान्यात पोचवू शकतं. हे मी आधी वाचलेलं होतं म्हणून वाचलो. तुम्हीही कधीच उकळू नका.

त्यातच केसाळ हिरवं शेवाळ सुटलं. शेवाळाचं खाद्य म्हणजे फॉस्फेट; टेस्ट किट ते 0.03 पीपीएम दाखवत होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. शेवाळ फॉस्फेट पाण्यातून तिथल्या तिथे उचलतं आणि किटला दिसते ती फक्त उष्टी शिल्लक, हे मला तेव्हा कळलं नाही. बरेच दिवसांनी सहज आरओच्या पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला तर 14. तो 0 हवा. आरओनंतर उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन कधीच संपलं होतं. बाष्पीभवनाने उडालेल्या पाण्याची भर मी रोज याच पाण्याने घालत होतो. वाफ निघून जाते, तिच्यात नसलेलं सगळं टँकमध्ये साचत राहतं.

रेझिन बदललं, खडक बादलीत घेऊन टूथब्रशने घासले, टर्बो गोगलगायी आणल्या. टर्बो कामसू खरी, पण तिचं चालणं बुलडोझरचं; नीट न चिकटवलेली दोन कोरलं तिने वाळूत लोळवली. एवढ्यावर थांबलो असतो तर दोन-तीन महिन्यांत शेवाळ आटोक्यात आलं असतं असं मला आज वाटतं. पण मला घाई होती. फॉस्फेट शोषणारे लोखंडाच्या ऑक्साइडचे दाणे, ज्यांना सगळे जीएफओ म्हणतात, ते मी सांगितल्याच्या दुप्पट घातले. फेसातून घाण काढणारा स्किमर जोरात लावला, पाणी आठवड्यातून दोनदा बदललं, माशांना एक दिवसाआड खाणं. तीन आठवड्यांत नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. शेवाळ पांढरं पडून गळू लागलं. शून्य मार्क मिळवून वर्गात पहिला आल्याचा आनंद मी तेव्हा अनुभवला.

दहा दिवसांनी आई टँकसमोर उभी राहून म्हणाली, "अरे, याला सर्दी झालीय का? सगळीकडे शेंबूड आलाय."

यापेक्षा अचूक वर्णन मी आजवर कुठे वाचलेलं नाही. तपकिरी, बुळबुळीत तार, टोकाला हवेचा बुडबुडा. सकाळी वाळू स्वच्छ, दुपारपर्यंत पुन्हा माखलेली. मी आधी याला डायटम हे तपकिरी शेवाळ समजलो, मग सायनो हा जिवाणूंचा थर. तीन दिवस टँक काळ्या कापडात गुंडाळून ठेवला. चौथ्या दिवशी स्वच्छ, आठव्या दिवशी पुन्हा तेच. आणि टर्बो गोगलगायी एकेक करून उताण्या पडू लागल्या.

शेवटी एका जुन्या हौशी मित्राला फोन केला. त्याने उपाय सांगितलाच नाही, आधी विचारलं, "नाव काय आहे त्याचं?" मला सांगता येईना. मग त्याने एक सोपी चाचणी करायला लावली: थोडा शेंबूड टँकच्याच पाण्यात घालून बाटली जोरात हलवायची, गाळणकागदातून गाळायची आणि ते गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवायचं. तासाभरात त्या स्वच्छ पाण्यात पुन्हा धागे जमले. म्हणजे डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव, आपल्या भाषेत डायनो. मग शाळकरी मुलांचा असतो तसला सूक्ष्मदर्शक आणून 400 पट मोठं करून पाहिलं. लिंबाच्या बीसारखे दाणे, टोकदार बाजू एका जागी बांधल्यासारखी आणि तिच्याभोवती गरगर. ऑस्ट्रिऑप्सिस. ही जात विषारी असते. गोगलगायी का मेल्या ते तिथे कळलं.

नाव कळण्याचा फायदा असा की उपाय नावावर ठरतो. अ‍ॅम्फिडिनियम नावाची दुसरी जात वाळू सोडत नाही, तिच्यावर यूव्ही, म्हणजे वाहत्या पाण्यावर अतिनील किरण सोडणारा दिवा, लावून उपयोग नाही. ऑस्ट्रिऑप्सिस मात्र रात्री सुटी होऊन पाण्यात तरंगते. म्हणून यूव्ही थेट मुख्य टँकला जोडला, सम्पला, म्हणजे फिल्टरच्या वेगळ्या टाकीला, नाही, आणि प्रवाह मंद ठेवला. विष शोषायला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन घातला. वाळूवरचा थर सायफनने ओढताना हातमोजे आणि चष्मा घालायला लागलो.

खरा उपाय मात्र माझ्या स्वभावाविरुद्ध होता. मित्र म्हणाला, "तू पाणी स्वच्छ केलं नाहीस रे, उपाशी मारलंस. बाकीचे मेले, आणि उपाशीपोटी जगणारा तेवढा उरला." पोषक द्रव्यं शून्यावर आली की डायनोशी जागेसाठी भांडणारं साधं शेवाळ आणि जिवाणू मागे पडतात आणि डायनोला मोकळं रान मिळतं. म्हणजे ज्या नायट्रेट-फॉस्फेटला मी चार महिने हाकलत होतो, तेच आता मोजून मापून पाण्यात ओतायचं! जीएफओ काढलं, पाणी बदलणं थांबवलं, माशांना दिवसातून दोनदा खाणं, आणि वरून सोडियम नायट्रेट आणि सोडियम फॉस्फेटचं द्रावण. नायट्रेट 5 ते 10 पीपीएम आणि फॉस्फेट 0.05 ते 0.1 एवढं गाठायचं होतं. नायट्रेट लवकर चढलं. फॉस्फेट मात्र संध्याकाळी घालावं आणि सकाळी पुन्हा शून्य. कोरडे खडक वापरून लावलेल्या टँकमध्ये खडकच ते पिऊन टाकतात, त्यांची तहान भागेपर्यंत पाण्यात काही टिकत नाही. पंधरा दिवस मी रोज मोजत होतो, रोज ओतत होतो.

सहाव्या आठवड्यात काचेवर हिरवट पापुद्रा धरला. ज्या हिरव्या रंगाशी मी झुंजलो होतो, तो पाहून मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला. कुणालाच त्यात काय पाहायचं ते समजलं नाही. दोन आठवड्यांनी शेंबूड गेला.

राहिले अ‍ॅप्टेशिया. पेपरमिंट श्रिम्प (त्यांना खाणारी छोटी कोळंबी) आणले होते. दोघांपैकी एकाने चार-पाच खाल्ले, दुसरा माशांच्या खाण्यावरच खूश. घेताना नीट पाहा, कारण तसाच दिसणारा, पाठीला उंटासारखा बाक असलेला कॅमल श्रिम्प कोरलंच कुरतडतो. मग बर्घिया आणल्या. ही पाठभर पांढरट पिसारा असलेली, कवच नसलेली सागरी गोगलगाय अ‍ॅप्टेशियाशिवाय काहीच खात नाही. दहा सोडल्या, पंपांच्या तोंडांना जाळी लावली आणि आधी श्रिम्प बाहेर काढले, कारण ते बर्घियाच फस्त करतात. पहिले दोन महिने एकही दिसली नाही. ती रात्री फिरते. तिसऱ्या महिन्यात काचेवर अंड्यांची पांढरी गुंडाळी दिसली, आणि त्यानंतर खडकाची मागची बाजू हळूहळू मोकळी होत गेली.

पाचव्या महिन्यात एकही अ‍ॅप्टेशिया उरला नाही, आणि बर्घिया काचेवर येऊन अन्नाच्या शोधात फिरू लागल्या. ज्यांनी माझा टँक वाचवला त्यांना उपाशी मारणं मनाला पटेना. आठ पकडून त्या मित्राला दिल्या. त्याच्याकडून येताना एका बरणीत बारा अ‍ॅप्टेशिया घेऊन आलो, उरलेल्या बर्घियांसाठी. बरणी टँकपासून दोन खोल्या दूर आहे, तिची नळी-जाळी वेगळी आहे, आणि मी दर दोन दिवसांनी ड्रॉपरने आर्टेमिया (इवली खाऱ्या पाण्यातली कोळंबी) घालून त्यांना पोसतो. परवा मोजले तर सव्वीस झाले होते.