एका घरात दोन कारभारी

शनिवारी सकाळी सव्वानऊला बायकोने खालून हाक मारली, "अरे, नेट गेलंय का?" मी वरच्या खोलीत माझ्या कॉम्प्युटरवर बातम्या वाचत होतो. "नाही, चालू आहे की," म्हणालो आणि पुढे वाचायला लागलो. हे उत्तर मला दुपारी चारपर्यंत नडलं.

आमच्या घरातला यंत्रसंसार आधी सांगतो. खाली हॉलमध्ये फायबरचा डबा, त्यातच वायफाय. बाबांचा डेस्कटॉप विंडोज १० चा; मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे नेहमीचे अपडेट थांबवले, बाबांनी वापरणं थांबवलेलं नाही. बायकोचा ऑफिसचा लॅपटॉप विंडोज ११ चा, त्यात कंपनीला विचारल्याशिवाय वॉलपेपरही बदलता येत नाही. माझा जुना डेस्कटॉप उबुंटूवर, म्हणजे लिनक्सवर. पुण्याहून दोन दिवसांसाठी आलेल्या धाकट्या भावाचा मॅकबुक. शिवाय पाच फोन, एक टीव्ही आणि एक रुसका प्रिंटर. सांगलीतलं जुनं घर, भिंती दीड फुटी, वर वायफाय पोचत नाही. म्हणून हॉलमधून एक केबल वर नेऊन तिच्या टोकाला आधीच्या कनेक्शनचा जुना राउटर लावलाय. तीन वर्षांपूर्वी लावला आणि विसरून गेलो.

खाली आलो तर बायकोच्या लॅपटॉपवर वायफाय जोडलेलं, पण 'नो इंटरनेट'. बाबांच्या कॉम्प्युटरचीही तीच तऱ्हा. मॅकबुक मात्र व्यवस्थित. पाचातले तीन फोन चालू, दोन बंद. फोनांकडे मी सोयीस्कर दुर्लक्ष केलं आणि निकाल देऊन टाकला: लिनक्स चालू, मॅक चालू, विंडोज बंद, म्हणजे रात्रीच्या अपडेटने घोळ घातला. हा निकाल मला मनापासून आवडलाही. उबुंटू वापरणाऱ्या माणसाला अशी संधी रोज मिळत नाही.

पुढचे दोन तास मी विंडोजच्या मागे लागलो. आधी त्या 'नो इंटरनेट'च्या चिन्हावरच संशय घेतला. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून एक चिमुकली फाइल मागवतं, तिच्यात 'मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट' एवढेच शब्द असतात. ती आली नाही की 'नो इंटरनेट' म्हणतं. कधीकधी नेट असतानाही ते तसं म्हणतं. म्हणून गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का?' असं विचारलं. उत्तर नाही. म्हणजे नावांचा पत्ता शोधण्यात, डीएनएसमध्ये, बिघाड नव्हता. आकड्यानेही बाहेर जाता येत नव्हतं. हे इतकं स्पष्ट दिसूनही मी बाबांच्या कॉम्प्युटरचं डीएनएस बदललं. का, ते विचारू नका. मग अँटिव्हायरस बंद केला, विनसॉक, म्हणजे विंडोजचा नेटशी बोलणारा भाग, रिसेट केलं, शेवटी नेटवर्क रिसेटचं बटण दाबलं. त्याने बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये साठवलेले वायफायचे सगळे पासवर्ड तेवढे पुसले गेले. बायको एव्हाना फोनच्या हॉटस्पॉटवर मीटिंगला बसली होती. "तुझं चालू दे," म्हणाली.

साडेअकराला इंटरनेट कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलाने माझं निम्मं ऐकून नेहमीचा उपाय सांगितला: मोडेम बंद करा, पाच मिनिटांनी चालू करा. केलं. फायबरच्या डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकून स्थिर झाला, लाल दिवा कुठेच नाही. म्हणजे लाइन शाबूत. आणि मॅकबुक बंद पडला. त्याच्यापाठोपाठ चालू असलेल्या तीन फोनांपैकी दोन गेले.

"दादा, विंडोजचा रोग मॅकला लागला वाटतं," भाऊ म्हणाला.

माझ्या निकालाचे तीनतेरा वाजले. जेवलो. आमटी-भात पोटात गेल्यावर डोकं थोडं ताळ्यावर आलं आणि बाबांच्या कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडून, यंत्राचा नेटवर्कमधला पत्ता दाखवणाऱ्या 'आयपीकॉन्फिग'ला 'ऑल' जोडून चालवलं. सकाळीही दोनदा चालवलं होतं, पण तेव्हा फक्त पत्ता १६९.२५४ ने सुरू होत नाही ना, एवढंच पाहिलं होतं. पत्ता देणारं कोणी सापडलं नाही की विंडोज स्वतःच तसा एक पत्ता घेऊन बसतं. तसा नाही म्हणजे ठीक, असं धरून पुढे गेलो होतो. आता ओळ न् ओळ बोट ठेवून वाचली. पत्ता १९२.१६८.०.१०४. गेटवे, म्हणजे बाहेर जायचा दरवाजा, १९२.१६८.०.१. डीएचसीपी सर्व्हर, पुन्हा १९२.१६८.०.१.

आमच्या घरातले सगळे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात. हा शून्य आमच्या घरचाच नव्हता.

घरातलं प्रत्येक यंत्र जोडलं गेलं की ओरडून विचारतं: मला पत्ता कोण देतंय? राउटरमधला डीएचसीपी नावाचा कारभारी उत्तर देतो: हा घे पत्ता, आणि बाहेर जायचं असेल तर या दरवाजाने जा. हा कारभारी घरात एकच हवा. दोन असले तर यंत्र बहुधा ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचं ऐकतं. खात्री करायला बाबांच्या कॉम्प्युटरवर पत्ता सोडायचा आणि नवा मागायचा, म्हणजे 'रिलीज' आणि 'रिन्यू', असं पाच वेळा केलं. चारदा शून्यवाला पत्ता आला, एकदा एकवाला. त्या एका खेपेला नेट धो धो चालू. बिघाड त्या कॉम्प्युटरमध्ये नव्हताच.

मग ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकलं. समोर लॉगिनचं पान आलं, निळ्या पट्टीचं, कुठेतरी पाहिल्यासारखं. ॲडमिन, ॲडमिन. उघडलं! कोणता पत्ता कोणत्या यंत्राचा ते सांगणाऱ्या 'एआरपी'च्या यादीतून त्या पत्त्यामागच्या यंत्राचा बारा अक्षरांचा क्रमांक हातावर लिहून घेतला आणि वर गेलो. कपाटामागे मान घालून, टॉर्च दातात धरून जुना राउटर उलटा केला. धुळीखालच्या लेबलावरची शेवटची चार अक्षरं हातावरच्या अक्षरांशी जुळली.

खाली येऊन विचारलं, "बाबा, वरच्या राउटरला कोणी हात लावला होता का?"

"मी लावला. काल रात्री मॅच बघताना सारखं अडकत होतं. ते मागचं बारीक भोक आहे ना, त्यात सेफ्टी पिन घालून दहा सेकंद दाबलं."

"कोणी सांगितलं?"

"तूच. मागे फोनवर म्हणाला होतास, अडकलं की रिसेट करा."

मला म्हणायचं होतं बटण बंद करून चालू करा. बोलताना सगळे त्यालाही रिसेटच म्हणतात. बाबांनी तो शब्द राउटरवर छापलेला वाचला आणि त्याच्या शेजारचं भोक गाठलं.

"मग लागलं का?"

"छे, वायफायचं नावच गायब झालं. म्हटलं सकाळी तुला सांगू. मग राहून गेलं."

वायफायच्या यादीत सकाळी एक अनोळखी नाव मलाही दिसलं होतं. शेजारी नवीन कनेक्शन घेतलं असेल, म्हणून सोडून दिलं.

तर झालं होतं ते असं. हा राउटर वर लावताना मी त्यातला कारभारी बंद करून ठेवला होता. तो नुसता पाणक्या, खालून आलेलं वर पोचवायचा. पिन दाबल्यावर तो कारखान्यातून आला होता तसा झाला: स्वतःचा पत्ता १९२.१६८.०.१, कारभारी जागा, आणि त्याच्या बाहेरच्या दरवाजाला मात्र वायरच नाही. त्याच्याकडून पत्ता घेणारा प्रत्येक जण त्या बंद दरवाजापाशी उभा. ज्यांनी रात्रीपासून जोडणी तोडली नव्हती ते जुन्या पत्त्यावर बरे चालले होते. मी मोडेम बंद-चालू केल्यावर सगळ्यांनी नव्याने विचारलं आणि आणखी तिघे वरच्याच्या हाती लागले. आणि माझा उबुंटू? त्याच्यावरून घरातल्या फाइली वाटल्या जातात म्हणून त्याला मी कायमचा पत्ता हाताने लिहून दिला होता. तो कोणाला विचारतच नाही. त्याची केबल त्याच जुन्या राउटरला लागलेली, तरी दिवसभर त्याला काही जाणवलं नाही.

दुरुस्ती पंधरा मिनिटांची. खालून आलेली केबल राउटरमधून काढली, खालच्या यंत्रांची जोडणी तोडून परत जोडली, सगळी चालू. मग राउटर फक्त माझ्या कॉम्प्युटरला जोडला. शून्याच्या घरात शिरण्यासाठी उबुंटूचा पत्ता तेवढ्यापुरता बदलावा लागला. राउटरचा डीएचसीपी बंद केला आणि त्याला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला. खालचा कारभारी १०० पासून पुढचेच पत्ते वाटतो, त्यामुळे टक्कर होणार नाही. वायफायचं नाव-पासवर्ड पूर्वीचंच. केबल परत खोचली, तीही आठवणीने लॅनच्याच, म्हणजे घराकडच्याच, भोकात. टीव्हीला मी हात लावला नाही. वरच्या कारभाऱ्याची पत्त्याची मुदत १२० मिनिटांची होती. ती संपल्यावर संध्याकाळी टीव्ही आपोआप ताळ्यावर आला.

मदत केंद्राचा मेसेज रविवारी सकाळी आला की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. बाबांनी तो वाचला, वर गेले आणि राउटरच्या भोकावर चिकटपट्टी लावून बॉलपेनने लिहून आले: 'रिसेट म्हणजे हे नव्हे'.