घर वाटलं गेलं, महालक्ष्म्या अडल्या

आईचं वर्षश्राद्ध जवळ आलंय आणि त्याच्या आत सगळं निपटवायचं असं दादाचं म्हणणं होतं, बऱ्यापैकी निपटलंही. लिहून ठेवतेय कारण माझ्या दोन मैत्रिणींच्या माहेरी सध्या हेच चालू आहे आणि दोघी रोज फोनवर डोकं खातात.

रामबागेतलं घर बाबांच्या नावावर. बाबा जाऊन कितीतरी वर्षं झाली पण नामांतरण कोणी केलंच नाही, आई आहे ना मग काय घाई, असं. वसीयतही नाही. मग 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आधी बाबांचे चार वाटे, आई आणि आम्ही तिघं भावंडं (आजी बाबांच्या आधीच गेली होती, नाहीतर तीही वाटेकरी असती), मग आईचा चौथा वाटा परत आम्हा तिघांत, म्हणजे शेवटी एकेक तृतीयांश, मुलगी म्हणून मला पैसाही कमी नाही. बरं, वसीयत करायला फार काही लागत नाही हो, साधा कागद, सही आणि दोन साक्षीदार, स्टॅम्प पेपरसुद्धा नको. पण आपल्याकडे तो विषय काढला की "माझ्या मरणाची वाट बघता का" हे ठरलेलं.

आईच्या एफडीला नॉमिनी धाकटा होता आणि त्याला खरंच वाटत होतं की ते पैसे त्याचेच. तसं नसतं. बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते, पण त्याने ते वारसांसाठी घ्यायचे असतात, बँकेतल्या ठेवींबद्दल सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच हे सांगून ठेवलंय. दादा हे फोनवर सांगायला निघाला होता, मी म्हटलं थांब, तू आलास की समोर बसून बोलू. फोनवर हिशोब काढला की आवाज चढतातच.

मग हक त्याग, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा कागद. मामी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "देऊन टाक सही, माहेर टिकतं त्याने." मला हे अजिबात पटत नाही. सही करून मनात कुढणाऱ्या बायका मी पाहिल्यात, त्यांचं माहेर कसलं टिकतं, रक्षाबंधनापुरतं उरतं. घर धाकट्याकडे राहावं हे दादाला आणि मलाही मान्य होतं, आईचं शेवटचं सगळं त्याने आणि भावजयीने केलं. म्हणून आमच्या वाट्याची किंमत मुद्दाम थोडी कमी धरली, पैसे त्याने हप्त्याने द्यायचे, आणि ते सगळं हक त्यागाच्या कागदात लिहून रजिस्ट्री केली. रजिस्ट्रीशिवाय तो कागद चालत नाही, घरातल्या घरात लिहून दिलेल्या चिठ्ठीचा उपयोग शून्य.

सोनं सराफ्यात ओळखीच्या दुकानात सगळ्यांनी मिळून नेलं, सगळ्यांसमोर वजन. तिथेही गंमत, आत्या जुना तोळा धरून बसल्या, 11.66 ग्रॅमचा, आणि सराफ 10 ग्रॅमचा बोलत होता, अर्धा तास त्यातच गेला. शेवटी ग्रॅममध्येच बोलायचं ठरलं.

कागदाचं आणि पैशाचं हे असं निभावतं, कायदा असतो, तराजू असतो. ज्याची बाजारात किंमत शून्य त्यावर घरं फुटतात. भांड्यांसाठी आम्ही पाळी लावली, एकेकाने एकेक वस्तू उचलायची, पुढच्या फेरीला क्रम उलटा. दादाने पहिल्यांदा काय उचललं असेल? चांदीचं ताम्हण नाही, शेवेचा पितळी सोऱ्या! बारीक शेवेच्या चकतीवर आईने लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलेला, घाईत दुसरी लागू नये म्हणून. मला तोच हवा होता. बोलले नाही, पण ताम्हण उचलताना माझं तोंड सगळ्यांनी पाहिलं.

आणि महालक्ष्म्या. दोन मुखवटे, जुन्या माहेश्वरी साडीत गुंडाळलेले. त्या थोरल्याकडे जातात, असं दादा. पुण्याच्या फ्लॅटमध्ये नोकरी सांभाळून ते सोळा भाज्यांचं आणि पुरणाचं मला झेपणार नाही, असं वहिनी, तेही सगळ्यांसमोर, मला तिचं कौतुकच वाटलं. धाकट्या भावजयीला मनापासून हव्या होत्या पण ती तोंड उघडेना. कोणीतरी सुचवलं की एकेक मुखवटा घ्या, तर आत्या अशा भडकल्या की बस, बहिणी-बहिणींना वेगळं करता का म्हणून!

शेवटी रामबागेतच राहिल्या. खर्च तिघांचा, पूजेला दादाने बसायचं, आणि मी माहेरवाशीण म्हणून जेवायला जायचं, म्हणजे खरं तर आदल्या दिवशीच पुरण वाटायला. दादा अजून थोडा घुम्यासारखाच आहे पण भाद्रपदाचं तिकीट त्याने काढलंय. एकट्याचं. वहिनीचं काय ते मी विचारलेलं नाही.