आमची वाटचाल : नर्सरीच्या हजेरीवह्या

जुन्या हजेरीवह्या मी टाकत नाही. बायको दर दिवाळीला त्या रद्दीत काढते, मी परत कपाटात ठेवतो. नर्सरीचा इतिहास कुठे लिहिलेला असलाच तर तिथंच आहे.

वडिलांनी 1996 साली नाशिकच्या मखमलाबाद रोडला बारा गुंठे खंडाने घेतले. गुलाब, मोगरा, थोडी शोभेची झाडं. पहिल्या वहीत सात नावं, सगळी पुरुषांची, त्यातली सहा भावकीतली. माळीकाम माळ्याच्या पोरानं करायचं, एवढंच तेव्हाचं गणित. पुढे ती पोरं सातपूर-अंबडच्या कंपन्यांत लागली. 2005 च्या वहीत भावकीतलं एकही नाव नाही. (मी होतो, पण मालकाची हजेरी कोण लावतो!)

त्यांची जागा घेतली पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या बायांनी. पेठ-सुरगाण्यात नव्वद टक्क्यांहून जास्त वस्ती आदिवासी, शेती पावसावरची. भात-नागली निघाली की माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात. ऑक्टोबर छाटणीपासून पुढे बागेत एकरी उक्तं काम मिळतं, तिथं आमच्या रोजाला कोण विचारतो? टोळीबरोबर पिकअपमध्ये उभं राहून जाणं ज्यांना झेपत नाही त्या आमच्याकडे राहिल्या. लेकुरवाळ्या, नाहीतर पन्नाशी ओलांडलेल्या.

आणि त्यांनीच नर्सरी उभी केली. 2009 ला शेडनेट टाकून टोमॅटो-मिरचीची रोपं सुरू केली. ट्रेला 98 कप्पे, कप्प्यात एकच बी. मावशी तळहातावर बी घेतात आणि अंगठ्यानं एकेक पुढे ढकलतात, नजर ट्रेवरून हलत नाही. संकरित बी महाग. कप्पा रिकामा गेला तरी नुकसान, दोन पडली तरी नुकसान. तरणी पोरं लावून बघितली. फोन वाजला की कप्पा चुकतो.

आता लाज वाटणारी गोष्ट. 2014 पर्यंत आमच्याकडे बाईचा रोज गड्यापेक्षा कमी होता. गुलाबाच्या खुंटावर चाकूनं नेमका काप देऊन, साल न फाडता डोळा (कलमाचा अंकुर) आत सरकवून पट्टी बांधणारी बाई. तिला खताचं पोतं उचलणाऱ्यापेक्षा कमी. समान वेतनाचा कायदा 1976 पासून होता. वडील म्हणायचे, रीतच आहे. मीही तीच रीत चालवली. कायद्याला भिऊन बदललो असं सांगितलं तर खोटं होईल. डोळा भरणाऱ्या दोघी तीस रुपये जास्त मिळतात म्हणून शेजारच्या नर्सरीत गेल्या, आणि त्या हंगामात माझे निम्मे डोळे वाळले. मग उघडले.

दुसरी अडचण आवणीची. पहिला पाऊस पडला की गिऱ्हाईक झाडं मागत दारात, आणि नेमक्या तेव्हाच मावश्या भात लावायला गावाकडे. सुरुवातीला मी उचल (आगाऊ पैसे) अडवून बघितली. माणसं तुटली, काम झालं नाही ते नाहीच. आता पिशव्या भरणं, कलमं, सगळं मे अखेर उरकतो. जूनमध्ये काउंटरला कॉलेजची पोरं असतात. होळीला आठ दिवस नर्सरी बंद, त्यावर वाद नाही.

आज वहीत 23 नावं, त्यात 17 बायांची. तिशीच्या आतली फक्त तीन. पुढच्या दहा वर्षांत डोळे कोण भरणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

त्या तिघींतली एक इथं काम करणाऱ्या एका मावशींचीच मुलगी. मुक्त विद्यापीठातून शिकली, ऑर्डरी आणि बिलं बघते. मातीत हात घालत नाही, घालायचाही नाही म्हणते. गेल्या वर्षी तिनं गाडीच्या कर्जासाठी अर्ज केला. मला म्हणाली, "मामा, बँकेत हजेरीवही चालत नाही, पगारपत्रक द्या." ते कसं करतात हे मला तिनंच शिकवलं.

महिनाभरात तिची आई ट्रे धुता धुता म्हणाली, "मला बी मिळंल का तसला कागद?"