प्लगिनमधली त्रुटी कळवायला गेले आणि सपोर्ट तिकिटात अडकले : माझा अनुभव

वर्डप्रेसच्या (वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरच्या) एखाद्या प्लगिनमध्ये, म्हणजे त्याला जोडायच्या जादा सोयीच्या प्रोग्रॅममध्ये, सिक्युरिटीची त्रुटी सापडली आणि ती कळवायची असेल, तर आधी त्या कंपनीने सिक्युरिटीसाठी वेगळा ईमेल दिलाय का ते बघा. नसेल तर नेहमीच्या सपोर्ट तिकिटावर फार दिवस घालवू नका. माझं त्या तिकिटाने इतकं डोकं फिरवलंय की अजून शांत झालेलं नाही. आणि माझा वेळ गेला ते एक वेळ सोडा, पण त्या काळात तेच प्लगिन असलेल्या बाकीच्या सगळ्या साइट्स उघड्या पडल्या होत्या आणि त्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता, याचा जास्त राग येतो.

मी फ्रीलान्स वेबसाइटची कामं करते. आमच्या जिल्ह्यातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाची साइट माझ्याकडे आहे. सभासद ऑनलाइन नोंदणी करतात, पुस्तक राखून ठेवतात, अभ्यासिकेतली जागा बुक करतात. नोंदणी केलेला सभासद म्हणजे वर्डप्रेसच्या हिशोबाने सबस्क्रायबर, सगळ्यात खालची पायरी, स्वतःचं प्रोफाइल बदलण्यापलीकडे त्याला काही करता येता कामा नये. बुकिंगसाठी एक प्लगिन टाकलेलं होतं, त्याचं नाव घेत नाही. एक दिवस युजर लिस्टमध्ये अनोळखी ऍडमिनिस्ट्रेटर, म्हणजे साइटवर सगळे अधिकार असलेला युजर, दिसला. वाचनालयाच्या सचिवांना फोन केला, म्हटलं काका, तुम्ही कुणाला ऍडमिन केलंत का? ते म्हणाले, "ताई, मला साधा पासवर्ड बदलायचा तरी मी तुम्हाला विचारतो, मी कुणाला काय करणार?"

साइट साफ करायच्या आधी डेटाबेससकट सगळ्याची एक कॉपी काढून ठेवली. हे कराच, नाहीतर बॅकअप चढवला की पुरावा गेला. साफसफाई बॅकअपवरून उरकली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. प्रश्न हा की माणूस आत आला कसा. त्या कॉपीत जनरल सेटिंग्जचं पान उघडलं तर नवीन युजरच्या डीफॉल्ट रोलमध्ये (नव्या खात्याला आपोआप मिळणाऱ्या पायरीत) सबस्क्रायबरच्या जागी ऍडमिनिस्ट्रेटर निवडलेला. म्हणजे पासवर्ड फोडायची गरजच नाही, साधा नोंदणीचा फॉर्म भरला की झालात ऍडमिन. नोव्हेंबर २०१८ मध्ये डब्ल्यूपी जीडीपीआर कंप्लायन्स या प्लगिनमधून हेच झालं होतं, एक लाखाच्या वर साइट्सवर ते होतं, आणि हल्लेखोर लॉगिनही न करता नोंदणी चालू करायचे, डीफॉल्ट रोल ऍडमिनिस्ट्रेटर करायचे आणि मग आपलं खातं उघडायचे. १.४.३ या व्हर्जनमध्ये ते दुरुस्त झालं. ते प्रकरण तेव्हा नीट वाचलेलं होतं म्हणूनच माझी नजर त्या ड्रॉपडाउनवर आधी गेली.

सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे साइटवर आलेल्या रिक्वेस्टच्या नोंदीत, त्या वेळेला ऍडमिन-एजॅक्स डॉट पीएचपी या फाइलवर (पान न बदलता मागच्या मागे पाठवलेल्या रिक्वेस्ट वर्डप्रेस इथे घेतं) पोस्ट, म्हणजे माहिती पाठवणाऱ्या, रिक्वेस्ट दिसत होत्या. पण साध्या ऍक्सेस लॉगमध्ये पोस्टचा मजकूर येत नाही, त्यामुळे कुठल्या प्लगिनचं फंक्शन चाललं ते कळेना. मग प्लगिनचं सगळं फोल्डर एडिटरमध्ये उघडून एजॅक्सचे हुक (अशा रिक्वेस्टला प्लगिनचं फंक्शन जोडणाऱ्या ओळी) आणि अपडेट-ऑप्शन (साइटची सेटिंग बदलणारं फंक्शन) शोधत बसले. सापडलं ते बुकिंगच्या प्लगिनमध्ये. सेटिंग सेव्ह करायचं फंक्शन होतं, त्यात आधी इज-ऍडमिन तपासलेलं, मग नॉन्स (पानासोबत युजरला मिळणारा तात्पुरता कोड) तपासलेला, आणि त्यानंतर पोस्टमधून जे नाव येईल आणि जी व्हॅल्यू येईल ती उचलून सरळ अपडेट-ऑप्शनला दिलेली. करंट-यूजर-कॅन, म्हणजे युजरला अधिकार आहे का ते तपासणारं फंक्शन, कुठेच नाही. आता इज-ऍडमिन हे फंक्शन समोरचा माणूस ऍडमिन आहे का ते सांगतच नाही, रिक्वेस्ट ऍडमिनच्या भागातली आहे का एवढंच सांगतं, आणि ऍडमिन-एजॅक्सवर आलेली प्रत्येक रिक्वेस्ट त्या भागातलीच धरली जाते, लॉगिन असो नसो. म्हणजे ती ओळ असून नसल्यासारखी.

स्टेजिंगवर (चाचणीसाठीच्या वेगळ्या साइटवर) कॉपी चढवली, डीफॉल्ट रोल परत सबस्क्रायबर केला, एक साधं सबस्क्रायबर खातं उघडलं आणि त्या खात्यातून प्रोफाइलचं पान उघडून पेजचा सोर्स बघितला. प्लगिनने आपली स्क्रिप्ट ऍडमिनच्या झाडून सगळ्या पानांवर चढवली होती, आणि प्रोफाइलचं पानही त्यातच येतं, त्यामुळे तो नॉन्स तिथे उघडा छापलेला. तो घेऊन रिक्वेस्ट पाठवली, दुसऱ्या ब्राउजरमध्ये ऍडमिन म्हणून सेटिंग्जचं पान रिफ्रेश केलं, आणि रोल बदललेला. (असलं काही तपासायचं ते फक्त स्वतःच्या कॉपीवर, दुसऱ्याच्या चालू साइटवर परवानगीशिवाय हात लावलात तर आयटी कायद्याचं कलम ४३ लागू शकतं, हेतू कितीही चांगला असो.)

आता मुख्य दुखणं. कंपनीच्या साइटवर सिक्युरिटीचा ईमेल नव्हता, कॉन्टॅक्ट म्हणून फक्त तिकिटाचा फॉर्म. मी सगळं व्यवस्थित लिहिलं, कुठली फाइल, कुठली ओळ, स्टेप्स, स्क्रीनचा व्हिडिओ, आणि काय दुरुस्ती करायची तेही. उत्तर आलं की लायसन्स की पाठवा. मी म्हटलं फुकटचं व्हर्जन आहे, वर्डप्रेसच्या डिरेक्टरीतलं (प्लगिनच्या अधिकृत यादीतलं), लायसन्स कुठून आणू? मग उत्तर की बाकीचे सगळे प्लगिन बंद करा, डीफॉल्ट थीम लावा, आणि प्रॉब्लेम अजून येतोय का सांगा. अहो, मी तुमच्या कोडमधली ओळ दाखवतेय, थीमचा काय संबंध! तरी भांडण नको म्हणून कोऱ्या इन्स्टॉलवर फक्त त्यांचं एकच प्लगिन टाकून परत व्हिडिओ काढला. तर पुढचं उत्तर, कॅश क्लिअर करून बघा. त्याच्या पुढचं, तुमच्या साइटचं ऍडमिन लॉगिन द्या, आम्ही आत येऊन बघतो. सिक्युरिटीची तक्रार करणाऱ्याकडे ऍडमिनचा पासवर्ड मागतात! तो मी दिला नाही, तुम्हीही कुणाला देऊ नका, अगदीच लागला तर स्टेजिंगवर तात्पुरतं खातं काढून द्या. मध्ये शनिवार-रविवार आला आणि माझ्याकडून प्रतिसाद नाही म्हणून सिस्टिमने तिकीट 'रिझॉल्व्ह्ड' करून टाकलं. परत उघडलं तर नवीन माणूस, आणि पुन्हा लायसन्स की.

शेवटी एकदाचं 'डेव्हलपर टीमचं' उत्तर आलं, आणि त्याने तर जास्तच संताप झाला. त्यांचं म्हणणं, आमच्या फंक्शनमध्ये नॉन्स तपासला जातो, त्यामुळे ते सुरक्षित आहे, तिकीट बंद करतोय. इथे थोडं थांबून सांगते, कारण प्लगिन लिहिणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींच्या कोडमध्येही मला हा गैरसमज सारखा दिसतो. नॉन्सचं काम एवढंच की ही रिक्वेस्ट त्या युजरने आपल्या पानावरूनच पाठवली, कुणीतरी त्याला भलत्या लिंकवर नेऊन त्याच्या नकळत पाठवून घेतली नाही. तो मुळात त्या युजरच्याच लॉगिनला बांधलेला असतो आणि साधारण २४ तास चालतो. त्या युजरला ते काम करायचा अधिकार आहे का, हे नॉन्स सांगत नाही. बँकेत टोकन घेतलं म्हणून कुणी तिजोरी उघडायला आत जात नाही. वर्डप्रेसच्या स्वतःच्या डेव्हलपर डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय की अधिकार तपासायला नॉन्सवर कधीच विसंबू नका, करंट-यूजर-कॅन वापरा. मी ती लिंक पाठवली. सोबत एलिमेंटरचं उदाहरण दिलं, एप्रिल २०२२ मधलं, सीव्हीई-२०२२-१३२९ (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटींच्या यादीतला नंबर). ३.६.० व्हर्जनपासून त्यांच्या ऑनबोर्डिंगच्या (नव्या युजरला सुरुवात करून देणाऱ्या) भागात नॉन्स होता पण अधिकाराची तपासणी नव्हती, नॉन्स लॉगिन केलेल्या कुणालाही डॅशबोर्डच्या सोर्समध्ये दिसत होता, आणि त्यामुळे सबस्क्रायबरसुद्धा साइटवर फाइल चढवून हवा तो कोड चालवू शकत होता. लाखो साइट्सवरचं प्लगिन ते. त्यांनी ३.६.३ मध्ये दुरुस्त केलं. इतकं हुबेहूब उदाहरण समोर ठेवूनही मला उत्तर काय, तर 'तुमचा अभिप्राय पुढच्या व्हर्जनसाठी नोंदवला आहे.' आणि तिकीट बंद.

तेव्हा मी तिकिटाचा नाद सोडला आणि वर्डप्रेसच्या प्लगिन टीमला मेल केला. पत्ता प्लगिन्स ऍट वर्डप्रेस डॉट ऑर्ग. प्लगिन त्यांच्या डिरेक्टरीत असेल आणि कंपनी दाद देत नसेल तर हीच जागा. मेलमध्ये प्लगिनची लिंक, व्हर्जन, स्टेप्स, आणि कंपनीशी झालेला सगळा पत्रव्यवहार जोडला. म्हणून सांगते, प्रत्येक उत्तराची पीडीएफ करून ठेवत जा, तिकीट बंद झालं की कधीकधी आपल्यालाच दिसत नाही. तिथे समोरच्याला पहिल्यांदाच विषय कळला, एवढ्यानेच मला हायसं वाटलं. थोड्या दिवसांत प्लगिनच्या पानावर पट्टी आली की हे प्लगिन बंद केलंय, डाउनलोड होणार नाही. आणि ज्या कंपनीला मी इतके दिवस हाका मारत होते तिचा मेल त्याच दिवशी आला, 'तुम्ही आधी आम्हाला का नाही कळवलं?' मी फक्त तिकिटाचा नंबर पाठवला.

डिरेक्टरीत प्लगिन बंद झालं तरी ज्यांच्या साइटवर ते आधीपासून आहे त्यांना डॅशबोर्डमध्ये काहीच सूचना जात नाही, ते तसंच चालू राहतं. त्यामुळे मधूनमधून आपल्या प्रत्येक प्लगिनचं डिरेक्टरीतलं पान उघडून बघत जा. मी वाचनालयाच्या साइटवर ते तेव्हाच बंद केलं होतं, अभ्यासिकेचं बुकिंग तोवर रजिस्टरमध्ये हाताने चाललं आणि सचिवकाकांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

नवीन व्हर्जन आलं. जुनं आणि नवीन शेजारी शेजारी लावून बघितलं तर मी दाखवलेल्या फंक्शनमध्ये अधिकाराची तपासणी घातलेली, आणि त्याच फाइलमध्ये खाली सेटिंग्ज इम्पोर्ट करायचं फंक्शन तसंच्या तसं. रेस्ट एपीआयच्या (बाहेरच्या प्रोग्रॅमने साइटशी बोलायच्या सोयीच्या) एका रूटमध्ये, म्हणजे पत्त्यावर, तर परवानगीच्या जागी सरळ 'रिटर्न ट्रू', म्हणजे कुणालाही 'हो', लिहिलेलं. वर्डप्रेस ५.५ पासून, म्हणजे २०२० पासून, रूटमध्ये परवानगीचा कॉलबॅक (परवानगी तपासणारं फंक्शन) दिला नाही तर डेव्हलपरला इशारा येतो, आणि तो इशारा गप्प करायला लोक हे असलं लिहून मोकळे होतात. सार्वजनिक माहिती द्यायची असेल तर ते चालतं, सेटिंग बदलायच्या रूटला नाही. परत मेल, परत थांबणं, आणि त्याच्या पुढच्या व्हर्जनमध्ये सगळं नीट झालं. पण चेंजलॉगमध्ये (व्हर्जनमधल्या बदलांच्या यादीत) लिहिलं काय, तर 'किरकोळ सुधारणा'. ते वाचून कोण घाईने अपडेट करणार? म्हणूनच सीव्हीई नंबर मिळवायचाच असं ठरवलं. पॅचस्टॅक, वर्डफेन्स, डब्ल्यूपीस्कॅन हे सिक्युरिटीवाले वर्डप्रेसच्या त्रुटींना नंबर देऊ शकतात, आणि नंबर पडला की सिक्युरिटी स्कॅनर जुनं व्हर्जन असलेल्या साइटवर लाल खूण दाखवतात. त्यांच्या फॉर्मवर पाठवलं, नंबर मिळाला, मला मनापासून अभिमान वाटला. कुणी ही त्रुटी फालतू म्हणालं तर त्याला सांगा की ओवॅस्प या वेब सिक्युरिटीच्या संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत ब्रोकन ऍक्सेस कंट्रोल (अधिकाराची तपासणी चुकणं) पाचव्यावरून पहिल्या नंबरवर गेलंय. खरं तर मी पहिल्याच तिकिटानंतर या मंडळींकडे जायला हरकत नव्हती, कंपनीशी बोलायचं कामही ते करतात.

साइटला असं काही झालं असेल तर युजर लिस्टवर विसंबू नका, काही मालवेअर आपला ऍडमिन त्या लिस्टमधून लपवतं, तेव्हा पीएचपीमायऍडमिनमध्ये (डेटाबेस बघायच्या साधनात) युजर्सचं टेबल आणि युजर-मेटामधले रोल प्रत्यक्ष बघा. एमयू-प्लगिन्सचं फोल्डरही उघडा, त्यातल्या फाइल्स नेहमीच्या प्लगिनच्या यादीत येत नाहीत आणि बंदही करता येत नाहीत. आणि डब्ल्यूपी-कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमधले सॉल्ट (लॉगिन खरं आहे का ते ओळखायच्या गुप्त किल्ल्या) बदला म्हणजे चोरलेलं लॉगिनही तुटेल. फक्त त्याने सगळेच सभासद लॉगआउट होतात, तेव्हा आदल्या दिवशी ग्रुपवर मेसेज टाका, नाहीतर सकाळपासून वाचनालयाच्या काउंटरवर विचारणा सुरू होते.