सभेतला ठराव आणि कुत्र्यांवरची बंदी

छत्रपती संभाजीनगरातील आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारी एक सूचना चिकटवलेली आहे: पाळीव प्राण्यांना लिफ्टबंदी, आणि कुत्रा पाळणाऱ्यांनी मेंटेनन्सबरोबर दरमहा पाचशे रुपये जादा भरावेत. खाली सेक्रेटरींची सही आणि सोसायटीचा गोल शिक्का असल्यामुळे त्या कागदाला भलतेच वजन आले असून, गुडघेदुखीने हैराण झालेल्या चौथ्या मजल्यावरच्या काकू आपल्या लॅब्रॅडोरला घेऊन कठड्याला धरून जिना उतरतात.

विचारले की, “सभेत बहुमताने ठरले आहे,” एवढेच उत्तर मिळते. परंतु महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १३ नुसार उपविधींमधील, म्हणजे सोसायटीच्या नोंदणीकृत नियमावलीतील, दुरुस्ती सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे नोंदवली जाईपर्यंत वैध ठरत नाही. आमचा ठराव तर इतिवृत्ताच्या वहीबाहेर गेलेलाच नाही. तो नोंदवला गेला असता, तरी उपविधी कायद्यापेक्षा मोठे होत नाहीत. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार रहिवाशांच्या बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, आणि लिफ्टच्या वापरासाठी वेगळे शुल्कही लावता येत नाही. या सूचना म्हणजे स्वतः कायदा नव्हे, हे चेअरमनसाहेबांचे म्हणणे खरे आहे; मात्र केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उपविधींमधली अशी बंदी घालणारी कलमे बेकायदा ठरवली, हे ते सोयीस्करपणे विसरतात.

कुत्र्यांबद्दल तक्रार करणाऱ्यांचे सगळेच चुकते असे मला वाटत नाही. एप्रिल-मेमध्ये आपण टँकरची वाट पाहत असताना कोणी पार्किंगच्या नळाला पाइप लावून कुत्रे धूत असेल, तर संताप येणारच, आणि सामायिक पाण्याच्या वापराचे नियम करण्याचा सोसायटीला पूर्ण अधिकार आहे. कुत्र्याला रेबीजची लस टोचून घेणे, पट्टा लावणे आणि त्याची घाण स्वतः उचलणे ही मालकाचीच जबाबदारी आहे. मालकाच्या निष्काळजीपणामुळे प्राण्यापासून कोणाला गंभीर दुखापत होण्याचा धोका निर्माण झाला, तर भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ आहेच.

काकूंनी आता नोंदणीकृत उपविधींची प्रत मागणारा लेखी अर्ज दिला असून, त्याची शिक्क्यानिशी पोचही घेतली आहे. प्रत मिळाली नाही, तर पुढचा अर्ज उपनिबंधकांच्या कार्यालयात जाईल.